शुक्रवारचा अंक

वसुमतीबाईंनी सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली होती. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, मथळा द्यायचा आणि स्वतःचं नाव कुठंही न येता घरी जायचं, असं ते काम. त्यांच्या दैनिकाची शहर पुरवणी बंद पडली तेव्हा त्यांनाही घरी बसावं लागलं. घराणं जुनं, कितीतरी पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत येऊन राहिलेलं. घरात बोलायचं मराठीच, पण त्यातलं अर्धं कन्नड. बनशंकरीतल्या त्यांच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक खासगी कॉलेज होतं. तिथं पत्रकारितेचा जोडविषय सुरू झाला आणि बाईंना एका वर्षाच्या करारावर शिकवायला बोलावलं. करार दर एप्रिलला नवा व्हायचा. असे तीन एप्रिल गेले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं होतं, "आज सकाळी पेपर कोणी वाचला?" चाळीस जणांत एकही हात वर आला नाही. मग त्यांनी ग्रंथालयात सव्वाआठचा तास सुरू केला. टेबलावर चार भाषांतले पेपर पसरायचे आणि मुलांना सांगायचं, पहिलं पान सोडा, आतल्या पानावरची सर्वांत लहान बातमी शोधा. तीन ओळींची. त्या तीन ओळींत काय सांगायचं राहिलं, त्याची यादी करा. सुरुवातीला चौघं यायची. वर्षभरात पंचवीस झाली. पुढं त्याच मुलांनी 'सुद्दी' नावाचं साप्ताहिक काढलं. सुद्दी म्हणजे कन्नडमध्ये बातमी. दोन पानं इंग्रजी, दोन कन्नड, कॉलेजच्याच यंत्रावर छापलेली, दर शुक्रवारी सकाळी कँटीनच्या दारात वाटली जाणारी. बाईंना सगळी मुलं अक्का म्हणायची. अक्कांचा नियम एकच. नाव, तारीख, जागा आणि दोन ठिकाणांहून खात्री. ती नसेल तर बातमी नाही. "फोनवर रोज शंभर गोष्टी येतात," त्या म्हणायच्या, "त्यांच्यावर विसंबू नका. छापलेल्याला कुणीतरी जबाबदार असतं."

भार्गवी ही त्यांची सगळ्यांत तयार झालेली विद्यार्थिनी. मूळची नागपूरची. आईवडील दोघंही व्हाइटफील्डला आयटीत. तिथून रोज बनशंकरीला येण्याजाण्यात चार तास जायचे, म्हणून ती कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायची आणि शनिवार-रविवार घरी जायची. तिची खोलीतली जोडीदारीण श्वेता, निपाणीची. वडील तिकडं शाळेचे गणवेश शिवायचे. श्वेता फारशी बोलायची नाही, लिहायची तर त्याहून कमी. पण सव्वाआठचा तास तिनं कधी चुकवला नाही. पेपरातली कात्रणं ती जुन्या वहीत चिकटवून ठेवायची आणि प्रत्येकाखाली तारीख घालायची.

मार्च संपत आला होता. बोअरवेल आटल्या होत्या, हॉस्टेलला टँकरचं पाणी यायचं. एका मंगळवारी भार्गवी ग्रंथालयात आली ती धापा टाकतच. तिनं बाईंसमोर एक मोठा कागद उलगडला.

"अक्का, दहा दिवसांत अकरा मुली आजारी पडल्यात. जुलाब, उलट्या. वॉर्डन म्हणते बाहेरची पाणीपुरी खाल्ली असेल. पण मी प्रत्येकीला विचारलं. अकराच्या अकरा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आहेत. तळमजल्यावर एकही नाही."

"मग?"

"तळमजल्याच्या कूलरला कावेरीचं पाणी येतं, डायरेक्ट लाईन आहे. वरच्या दोन मजल्यांना टँकरचं, मागच्या जमिनीखालच्या टाकीतलं. आणि त्या टाकीला लागूनच गटाराचं चेंबर आहे. मी स्वतः जाऊन बघितलं, अक्का. तिथे भिंत ओली आहे. वास येतो."

बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. मुलीचं नाव, खोली, आजारी पडल्याची तारीख, पाणी कुठल्या कूलरचं. शाई दोन रंगांची. सव्वीस वर्षांत डेस्कवर पगारी बातमीदारांनी आणलेलं इतकं नेटकं काम त्यांनी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. त्यांना अभिमान वाटला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

"दोन्ही कूलरचं पाणी बाटल्यांत भरून लॅबमध्ये दे," त्या म्हणाल्या. "आणि प्राचार्यांना लेखी प्रश्न पाठव."

"दोन्ही केलंय. लॅबचा रिपोर्ट पुढच्या मंगळवारी मिळेल."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बाईंना खोलीत बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली, कॉफी मागवली. पुढच्या बुधवारी मूल्यांकन समिती येणार होती. कॉलेजची श्रेणी ठरायची होती. एका विद्यार्थिनीनं पाण्याबद्दल काही विचारलंय, असं म्हणत त्यांनी भार्गवीचं पत्र दोन बोटांत धरून दाखवलं. "मुलं उत्साही असतात, मॅडम. तुम्ही अनुभवी आहात. टाकी आपण साफ करून घेणारच आहोत, समिती जाऊ द्या. या आठवड्यात सुद्दीत काही नको." मग सहज आठवल्यासारखं करून ते म्हणाले, "तुमच्या कराराची फाईलही माझ्याकडेच आली आहे."

बाईंनी कॉफी संपवली. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपण कुणाचं ऐकलेलं नाही. लॅबचा रिपोर्ट आला नाही, कॉलेजचं उत्तर आलं नाही. बातमी अजून कच्चीच आहे. प्राचार्यांनी बोलावलं नसतं तरी आपण हेच केलं असतं. हे त्यांनी स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

गुरुवारी दुपारी संगणक खोलीत अंकाची जुळवणी सुरू होती. भार्गवी समोर उभी राहिली.

"अक्का, पूर्ण बातमी नको. चार ओळी टाकू. अकरा मुली आजारी आहेत, हे तर खरंच आहे ना? रिपोर्ट येईपर्यंत पाणी उकळून प्या, एवढंच."

"उकळून प्या म्हटलं की पाणी खराब आहे असं आपण म्हटल्यासारखं होतं. ते अजून सिद्ध नाही."

"पण सिद्ध होईपर्यंत मुली तेच पाणी पितायत."

"अगं, स्वल्प थांब. एका आठवड्याचा तर प्रश्न आहे. घाईत छापलेली एक चूक आयुष्यभर पुरते, मी पाहिलंय." त्यांचा आवाज जरा चढला. "नियम आपल्या सोयीनं वाकवायचे नसतात, भार्गवी."

भार्गवी "ओके अक्का" म्हणाली आणि कागद घडी करून बॅगेत ठेवला. प्राचार्यांच्या कॉफीबद्दल बाई तिला काहीच बोलल्या नाहीत.

शुक्रवारचा अंक वेळेवर निघाला. पहिल्या पानावर क्रीडा महोत्सवाची बातमी होती आणि समितीच्या स्वागताची तयारी.

सोमवारी सकाळी भार्गवी व्हाइटफील्डहून दहाच्या सुमारास हॉस्टेलवर पोचली, तेव्हा श्वेता पलंगावर नव्हती. ती न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. पहाटेपासून तिला दहाबारा वेळा जावं लागलं होतं. वॉर्डननं एक गोळी दिली होती आणि मीठसाखरेचं पाणी, त्याच कूलरमधलं. श्वेताचे डोळे आत गेले होते, हातापायांना गोळे येत होते, आवाज फुटत नव्हता. भार्गवीनं आणि आणखी एका मुलीनं तिला उचलून खाली आणलं. कॉलेजची गाडी समितीच्या कामाला गेली होती. रिक्षावाल्यानं तिची अवस्था पाहिली आणि भाडं न ठरवता गाडी हाणली. हॉस्पिटलात दोन्ही हातांना सलाईन लावली, पण मूत्रपिंडं बंद पडली होती. मंगळवारी दुपारी सव्वातीनला ती गेली. वडील निपाणीहून निघाले होते. तेव्हा त्यांची बस जेमतेम तुमकूरला पोचली होती, बेंगळुरू अजून दोन तास दूर.

लॅबचा रिपोर्ट त्याच दिवशी सकाळी आला. वरच्या मजल्यांच्या पाण्यात मैल्याचे जंतू, पिण्यास अयोग्य. तळमजल्याचं पाणी स्वच्छ.

श्वेता गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी बाई अंक काढायला धावतच संगणक खोलीकडे गेल्या. दाराला कुलूप होतं. सुद्दी पुढील सूचनेपर्यंत स्थगित, असा कागद दारावर लावला होता, आणि त्याच्या बाजूला दुसरा: विद्यार्थिनी श्वेता हिचं उष्माघातानं निधन; शोकसभा गुरुवारी. बुधवारी समिती येऊन जाणार होती. त्यांनी आपल्या जुन्या दैनिकातल्या सहकाऱ्याला फोन लावला, सगळं सांगितलं, रिपोर्टचा फोटो पाठवला. तो हळहळला. मग म्हणाला, "वसुमती, पोरीनं स्वतः भरून नेलेल्या बाटल्या आहेत या. आरोग्य खात्यानं दुजोरा दिल्याशिवाय मी कसं छापू? तूच सांग, तू छापलं असतंस?" बाईंनी फोन ठेवला. बुधवारी त्या दैनिकात आतल्या पानावर तीन ओळी आल्या. उन्हाचा कडाका, कॉलेज विद्यार्थिनीचा मृत्यू. गावाचं नाव चुकलेलं होतं.

हॉस्टेलच्या मुलींना अभ्यासाची रजा म्हणून घरी पाठवण्यात आलं. टाकी उपसली गेली, चेंबरच्या भिंतीवर नवा गिलावा चढला. भार्गवी रोज व्हाइटफील्डहून वर्गात यायची, मागच्या बाकावर बसायची आणि तास संपला की निघून जायची. एकदा बाईंनी तिला जिन्यात अडवलं.

"तू तिला सांगितलं नव्हतंस का गं? ते पाणी पिऊ नको म्हणून?"

प्रश्न तोंडातून निघाल्याबरोबर बाईंना त्याची लाज वाटली. भार्गवी मात्र चिडली नाही. तिनं फक्त सांगितलं.

"सांगितलं होतं. शुक्रवारी, घरी जाताना. बिसलेरी घे म्हटलं. तिनं सुद्दीचा अंक उघडून बघितला. म्हणाली, अक्कांनी छापलं नाही, म्हणजे तुझं काहीतरी कच्चं असेल. छापलेलं असतं तर मी ऐकलं असतं." भार्गवीनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सरकवला. "तुमच्यावर तिचा फार विश्वास होता, अक्का."

ती खाली उतरून गेली. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तास सुटल्याची घंटा झाली, मुलं दोन्ही बाजूंनी वर-खाली करत राहिली, कुणीतरी "नमस्कारा अक्का" म्हणालं.

यापुढचे दोन आठवडे बाईंनी काहीच केलं नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे. त्या रोज सव्वाआठला ग्रंथालयात जात, टेबलावर पेपर पसरत. मुलं येत, कमी कमी होत गेली. आरोग्य खात्याला पत्र लिहायचं म्हणून त्या दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा पहिल्या परिच्छेदाशी थांबल्या, कारण दुसऱ्या परिच्छेदात ही माहिती आपल्याला कोणत्या तारखेला मिळाली ते लिहावं लागणार होतं.

मुलीचे दिवस घालून झाल्यावर श्वेताचे वडील, कृष्णाजी, पुन्हा बेंगळुरूला आले. श्वेताचं सामान आणि दाखले न्यायला. बुटके, सावळे गृहस्थ. बोटांना सुईनं पडलेले घट्टे. हॉस्टेलमधून ट्रंक घेतली, ती फाटकापाशी ठेवली आणि विचारत विचारत ते ग्रंथालयात आले. हातात कात्रणांची वही होती.

"अक्का म्हणत्यात त्या तुम्हीच न्हवं?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "बसा ना. पाणी..." आणि त्या थबकल्या.

"पानी नको," कृष्णाजी म्हणाले आणि खुर्चीच्या कडेला बसले. "पोरगी फोनवर तुमचंच सांगायची. आज अक्कांनी ह्ये वाचायला लावलं, आज त्ये. मला म्हणायची, बाबा, तुमी पन पेपर घ्या एक. घेतला बघा मी. जानेवारीपासनं घेतोय." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "त्या भार्गवीला मी फोन केलता. ती म्हणली, पान्याची बातमी लिवली हुती आदीच. आजारी पडायच्या आदी. मग मला जरा तारीख सांगा, बाई. कवा लिवली हुती?"

ग्रंथालयात दुसरं कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. 'नक्की आठवत नाही' असं म्हणता आलं असतं. 'मुलीनं काहीतरी टिपण केलं होतं, बातमी नव्हे' असंही म्हणता आलं असतं. ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नव्हतं.

"मंगळवारी माझ्या हातात आली," बाई म्हणाल्या. "श्वेता गेली, त्याच्या बरोबर सात दिवस आधी. शुक्रवारी छापता आली असती. मी छापू दिली नाही."

"का?"

"मी म्हटलं, खात्री झालेली नाही. पण ते पूर्ण खरं नव्हे. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, समिती येणार आहे, छापू नका. माझी नोकरी त्यांच्या हातात होती. मी घाबरले. आणि घाबरले हे कुणाला कळू नये म्हणून नियम पुढं केला."

कृष्णाजी वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत बसले. ओरडतील, काही बोलतील, म्हणून बाई वाट पाहत होत्या. त्यांना ते हवंही होतं.

"इथनं सगळी म्हणली, ऊन लागलं," शेवटी ते म्हणाले. "माझी बायको मला रोज विचारती. उनात कशाला फिरली ती? म्या तिला छत्री घिऊन दिली न्हाई, असं तिला वाटतंय. रोज तेच." ते उठले. "आता तिला सांगतो, ऊन न्हवतं. एवढं लिवून द्या मला. तुमच्या सहीनं."

बाईंनी लिहून दिलं. तारखांसकट, प्राचार्यांच्या कॉफीसकट. मग त्या कृष्णाजींबरोबर चालत फाटकापर्यंत गेल्या, तिथं रिक्षा थांबवली आणि त्यांच्यासोबतच आरोग्य खात्याच्या कार्यालयात जाऊन तो कागद आणि लॅबचा रिपोर्ट दिला. तिथल्या कारकुनानं पोच देताना त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी भार्गवीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आली, पण ग्रंथालयात नव्हे. तिनं बाईंना कॉलेजबाहेरच्या बसस्टॉपच्या बाकावर बोलावलं. हातात वही होती, फोनवर रेकॉर्डिंग चालू.

"मी बातमी लिहितेय. कॉलेजच्या यंत्रावर नाही, बाहेर झेरॉक्स काढणार. तुमची बाजू हवी आहे." ती 'अक्का' म्हणाली नाही. "तुम्ही बातमी का थांबवली?"

बाईंनी कृष्णाजींना सांगितलं होतं तेच सांगितलं. भार्गवी लिहीत होती. मध्येच तिनं विचारलं, "घाबरले, हा तुमचाच शब्द ठेवू?"

"ठेव."

"तुम्ही त्या शुक्रवारी चार ओळी छापल्या असत्या तर श्वेता वाचली असती, असं तुम्हाला वाटतं?"

बस आली, माणसं उतरली, बस गेली.

"ती छापलेलं वाचायची," त्या म्हणाल्या. "हो. वाटतं."

भार्गवीनं डोळे मनगटानं पुसले आणि वाक्य पुरं केलं. तिनं बाईंना त्यांचं म्हणणं वाचून दाखवलं, शब्द बरोबर आहेत ना एवढं विचारलं, आणि गेली. कच्चा मजकूर तपासायला दिला नाही. बाईंनीही मागितला नाही.

शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर सहा मुलांनी तीनशे प्रती वाटल्या. एका कागदाच्या दोन बाजू. आत अकरा मुलींचा तो तक्ता, बारावं नाव श्वेताचं. पहारेकऱ्यानं काही प्रती हिसकावून घेतल्या, तरी दुपारपर्यंत कागद सगळीकडे पोचला होता. सोमवारी आरोग्य खात्याची माणसं आली, गिलावा फोडला, मागची फुटलेली नळी सापडली. मग मोठ्या दैनिकांनीही बातमी दिली, पाचव्या पानावर. चौकशी नेमली गेली. प्राचार्य रजेवर गेले आणि दोन महिन्यांनी परत आले. चौकशीचा निष्कर्ष निघाला: देखभालीत त्रुटी. वॉर्डनला काढलं.

बाईंचा करार त्या एप्रिलला नवा झाला नाही. भार्गवीला हॉस्टेल सोडायला सांगितलं. बेशिस्तीबद्दल दाखल्यावर शेरा मारला. तिच्या वडिलांनी तिला येलहंक्याच्या एका कॉलेजात घातलं, बी.कॉम.ला. तिथं पत्रकारिता नव्हती. जाण्यापूर्वी तिनं बाईंना भेटावं, अशी बाईंची फार इच्छा होती. ती आली नाही.

जूनमध्ये कृष्णाजींचा फोन आला. भार्गवीनं त्यांना तो कागद पाठवला होता, पण एक बाजू इंग्रजी, दुसरी कन्नड. "कानडी बोलाय येतंय मला, वाचाय न्हाई. मालकीणबाईला, पोरीच्या आईला, तर दोन्ही न्हाई. मराठीत करून द्याल काय?"

बाई सकाळीच जेवणाच्या टेबलावर बसल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो बातम्या कापल्या होत्या. या बातमीतला एकही शब्द त्यांनी गाळला नाही. तक्ता पट्टीनं आखला. बारा नावं मराठीत लिहिली. शेवटच्या परिच्छेदात त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. तिथं भार्गवीनं घातलेला साधा, सरळ इंग्रजी शब्द होता. त्याला मराठीत 'संकोच' चाललं असतं, 'दबाव' चाललं असतं. त्यांनी 'मी घाबरले' असं लिहिलं आणि खाली लेखिकेचं नाव घातलं, भार्गवीचं. पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केलं.

पाचव्या दिवशी फोन वाजला.

"पोचलं," कृष्णाजी म्हणाले. "मालकीणबाईला वाचून दावलं. दोनदा."

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज चालू होता. शाळा सुरू व्हायचे दिवस, गणवेशाची घाई असणार.

"काय म्हणणार," ते म्हणाले. "ठेवू आता, बाई?"